बुडाकडून बघायचा छंद : जर्मन पोर्सेलीनच्या जुन्या चिमुकल्या मूर्ती

एल्बेकाठचा
शनिवारी पहाटे साडेपाचचा गजर लावणारा माणूस एक तर ट्रेकला जातो, नाही तर त्याचं डोकं फिरलेलं असतं, असं आमच्या घरी मत आहे. मी ड्रेस्डनमध्ये चिपच्या कारखान्यात नोकरी करतो. आल्बर्ट पुलाखाली, नदीच्या काठावर दर शनिवारी जुना बाजार भरतो. इकडे त्याला फ्लोमार्क्ट म्हणतात, म्हणजे पिसवांचा बाजार. सहा वर्षांपूर्वी तिथे सायकलचं कुलूप घ्यायला गेलो आणि पोर्सेलीनचा, म्हणजे उंची चिनी मातीचा, चार सेंटिमीटरचा एक पग कुत्रा घेऊन आलो. कान टवका उडालेला, गळ्यात निळा पट्टा, चेहऱ्यावर आमच्या जुन्या हेडमास्तरांचा वैताग. कुलूप राहिलंच.

तेव्हापासून बारा सेंटिमीटरच्या आतल्या मूर्ती जमवतोय. सध्या ६३ आहेत. त्यातल्या धड, म्हणजे बोटं-नाकासकट शाबूत, अकरा.

इथे या वेडाला खानदानी परंपरा आहे. सॅक्सनीचा, म्हणजे आमच्या या प्रांताचा, इलेक्टर (राज्यकर्ता) ऑगस्टस, ज्याला ‘बलवान’ म्हणत, त्याला पोर्सेलीनची भूक इतकी, की १७१७ साली त्याने प्रशियाच्या राजाला ६०० घोडेस्वार सैनिक दिले आणि बदल्यात १५१ चिनी भांडी घेतली. त्यातले उंच झाकणाचे बरणीवजा कलश आजही इथल्या झ्विंगर राजवाड्याच्या संग्रहात उभे आहेत, आणि त्यांचं नावच ‘ड्रॅगून-कलश’ पडलंय. बायकोला मी हे दर महिन्याला ऐकवतो. मी निदान माणसं तरी विकली नाहीत.

याच राजाने ब्यॉटगर नावाच्या पोराला सोनं करून दाखव म्हणून कोंडून ठेवलं होतं. सोनं काही झालं नाही. पण चिर्नहाउस या विद्वानाच्या देखरेखीखाली भट्ट्या पेटवता पेटवता १७०८च्या सुमारास पांढरं, टणक, उजेड आरपार जाणारं खरं पोर्सेलीन हाती लागलं. त्याच वर्षी चिर्नहाउस वारला. १७१० साली ड्रेस्डनजवळच्या मायसेन गावी, टेकडीवरच्या आल्ब्रेख्ट्सबुर्ग किल्ल्यात कारखाना सुरू झाला. किल्ला का, तर आतली कृती बाहेर जाऊ नये म्हणून.

या मूर्ती मुळात कपाटात ठेवायच्या नव्हत्याच. दरबारी मेजवानीत गोडाच्या वेळी टेबलावर साखरेच्या बाहुल्या मांडत. बागा, कारंजी, मेंढपाळ, सगळं साखरेचं. आपल्या पाडव्याच्या गाठींचे राजेशाही भाऊबंद म्हणा. साखर वितळते, मुंग्या लागतात, दर वेळी नवं करावं लागतं. त्या जागी पोर्सेलीन आलं. १७३१ साली मायसेनला योहान योआखिम केंडलर हा शिल्पकार रुजू झाला आणि पुढची चाळीसेक वर्षं त्याने अक्षरशः जग ओतून ठेवलं: हार्लेक्विन (इटालियन नाटकातला विदूषक), खाणकामगार, फेरीवाले, वाद्यं वाजवणारी माकडं.

आणि पग. ब्र्यूल नावाच्या बड्या मंत्र्याकडे पग होते, ते केंडलरने घडवले. शिवाय १७३८ साली पोपने फ्रीमेसन या गुप्त संघटनेवर बंदी घातली, त्यानंतर ‘पगांचा पंथ’ नावाची एक गुप्त मंडळी निघाली. तिच्यात बायकांनाही प्रवेश होता. खूण म्हणून पग. माझा टवकेवाला बहुतेक १९व्या शतकाच्या शेवटचा आणि कुठल्याही पंथाचा नाही, पण त्याच्याकडे बघून ते सगळं आठवतं.

इथे कुणी यातलं आहे का? की मी एकटाच?

खमंग_काकडी
मस्त धागा! फोटो टाका ना. हेडमास्तर बघायचेत.

नानासाहेब_सदाशिव
एक प्रामाणिक प्रश्न, राग मानू नका. ६३ बाहुल्यांवर जेवढे पैसे घातलेत त्यात म्युच्युअल फंड घेतला असता तर? या वस्तूंची किंमत वाढते का?

एल्बेकाठचा
नाना, राग कसला. उलट पडलीय. इथे म्हातारी माणसं गेली की घर रिकामं करून देणाऱ्यांची गाडी येते. काचेच्या कपाटासकट सगळं जातं. मुलांना नको असतं, नातवंडांना तर अजिबात नको. त्यामुळे शेजारच्या थुरिंगिया प्रांतातल्या कारखान्यांच्या ज्या नर्तकीच्या मूर्ती लोक एके काळी जपून भेट द्यायचे, त्या आज दोन कॉफींच्या किमतीत मिळतात. १८व्या शतकातला अस्सल केंडलर अजूनही लिलावघरात माझ्या आवाक्याबाहेरच आहे. तेव्हा गुंतवणूक म्हणून शून्य गुण.

म्युनिकची_माई
एकटे नाही तुम्ही. पण केंडलर केंडलर काय लावलंय! बुस्टेलीला विसरलात? हा शिल्पकार म्युनिकच्या न्यूम्फेनबुर्ग पोर्सेलीन कारखान्यात १७५४ ते १७६३, जेमतेम नऊ वर्षं काम करून गेला. त्याच्या इटालियन नाटकमंडळींच्या १६ मूर्ती इथे बव्हेरियाच्या राष्ट्रीय संग्रहालयात जाऊन बघा एकदा. केंडलरची माणसं टेबलावर उभी असतात. बुस्टेलीची वळत असतात. टाचेपासून मानेपर्यंत एकच पीळ. लावणीत ठेक्यावर गिरकी घेऊन थांबल्यावर पदर अजून फिरत असतो ना, तो क्षण.

एल्बेकाठचा
माई, मान्य, पण केंडलरला विनोद होता. शिंपी आठवा. ब्र्यूलच्या शिंप्याला म्हणे दरबारी मेजवानीला बसायची हौस होती. केंडलरने १७३७च्या सुमारास त्याला बोकडावर बसवून, कात्री-इस्त्रीसकट पोर्सेलीनमध्ये घडवला आणि असा तो मेजवानीच्या टेबलावर पोचला. कथा खरी-खोटी देव जाणे, मूर्ती खरी आहे. बुस्टेलीच्या कुणाला तुम्ही हसलात का कधी?

म्युनिकची_माई
हसायला मी बाजारात येत नाही :)

सांगलीकर_सई
वाचतेय. माझा एक प्रश्न. आजीच्या शोकेसमध्ये बासरीवाला कृष्ण आहे, साधारण वीतभर. अंग गुळगुळीत चकचकीत नाही, खडूसारखं मऊ दिसतं. पितांबराला पिवळा रंग, काठाला सोनेरी रेघ, बरीचशी गेलेली. तळाला अगदी बारीक इंग्रजी अक्षरांत ‘मेड इन जर्मनी’ आणि एक आकडा. लहानपणी वाटायचं, जर्मनीत कृष्णाचं देऊळ असेल. चैत्रगौरीच्या आरासीत दर वर्षी तो मधोमध असायचा. हा मायसेनचा का?

एल्बेकाठचा
सई, मायसेनची खूण म्हणजे तलवारी, नुसतं देशाचं नाव नव्हे. कृष्णाबद्दल मला फार कळत नाही, पण खुणांबद्दल लिहितो, कारण सगळा घोळ तिथेच आहे.

१७२०च्या दशकापासून मायसेनची खूण म्हणजे काचलेपाखाली (ग्लेझखाली) निळ्या रंगात एकमेकींवर फुली मारलेल्या दोन तलवारी. नवशिका (मीच) काय करतो? मूर्ती उलटी करतो, तलवारी दिसल्या की पाकीट काढतो. त्या तलवारी जगभर लोकांनी काढल्यात. पॅरिसच्या सॅमसन कारखान्याने तर नकला करायचा पिढीजात धंदाच केला. इथेच ड्रेस्डनमध्ये हेलेना वोल्फसोन नावाच्या बाई भांडी रंगवून घेत आणि खाली थेट ऑगस्टस राजाची ‘एआर’ अक्षरं टाकत. मायसेनने शेवटी कोर्टाची पायरी चढून ते बंद पाडलं. १८८३ साली इथल्या चार रंगकाम करणाऱ्यांनी मिळून निळ्या मुकुटाखाली ‘ड्रेस्डेन’ अशी खूण नोंदवली, आणि तेव्हापासून लोक मायसेन आणि ड्रेस्डन यात गल्लत करतायत.

गंमत म्हणजे केंडलरच्या काळातल्या छोट्या मूर्तींचं बूड काचलेप न दिलेलं, कोरडं असायचं. तलवारी असल्याच तर मागच्या बाजूला, बैठकीच्या कडेला, माशीएवढ्या. म्हणजे बुडावर मधोमध ठसठशीत तलवारी आणि विकणारा म्हणतोय १७४५ची, तर नमस्कार करून पुढे जावं. आणि तलवारींवर आडव्या चिरा मारलेल्या असतील, तर तो माल पहिल्या प्रतीचा नाही, किंवा न रंगवता पांढराच बाहेर विकलेला आहे. रंग मग कुणीही चढवलेला असू शकतो.

कुंभारवाडा_पुणे
मी मातीकाम करते, स्टुडिओ आहे, म्हणून बूड सोडून वरचं थोडं सांगते. खूण कुणीही काढेल, घडण चोरता येत नाही. म्हणजे चोरता येते, पण चोरी दिसते.

अशी मूर्ती एका साच्यात निघत नाही. मूळ नमुन्याचे तुकडे करतात. हात वेगळा, डोकं वेगळं, टोपी, टोपली, कुत्रं वेगळं. प्रत्येकाचा प्लास्टरचा साचा. मग ओले तुकडे पातळ मातीने, आम्ही स्लिप म्हणतो, एकेक जोडायचे, सांधा पुसायचा, बोटांच्या फटी काडीने मोकळ्या करायच्या. जर्मन कारखान्यांत हे काम करणाऱ्या कारागिराला बॉसियरर म्हणतात. त्याचा हात चांगला तर चेहरा जिवंत, नाही तर बटाटा.

पोर्सेलीन भट्टीत साधारण एक षष्ठांश आकसतं. आता नक्कल करणारा काय करतो? तयार मूर्तीवरूनच साचा काढतो. त्याची मूर्ती पुन्हा आकसते. म्हणजे नक्कल मूळापेक्षा लहान निघते आणि प्रत्येक घडी थोडी बोथट. संग्रहालयाच्या यादीत उंची दिलेली असते. पट्टी घेऊन जा. खूण बघण्याआधी बोटं बघा, कानामागे बघा, झग्याच्या आतल्या बाजूला बघा. आळशी कारागीर कानामागे सापडतो.

बुडाला छोटं भोक असेल तर घाबरू नका. पोकळ मूर्तीतली हवा जायला ते लागतंच, नाही तर भट्टीत फुटते.

खमंग_काकडी
आणि ती लेसच्या झग्यातली नाचणारी बाई? आमच्या शेजारच्या काकूंकडे होती. आम्ही मुलं समजायचो की खरं कापड आहे आणि त्यावर काहीतरी फवारलंय.

कुंभारवाडा_पुणे
फार चूक नव्हता तुम्ही! खरी सुती लेस पातळ पोर्सेलीनमध्ये बुडवतात, मूर्तीच्या कमरेला चुण्या घालून चिकटवतात आणि भाजतात. भट्टीत दोरा जळून जातो, त्याच्याभोवतीचं पोर्सेलीन उरतं. म्हणजे तुम्ही बघता ती लेस आत पोकळ असते. म्हणूनच नुसती नखाने टिचकी मारली तरी पापडासारखी मोडते. ड्रेस्डन आणि थुरिंगियाकडे हे फार झालं. शाबूत लेस दिसली की मी श्वास रोखते. शब्दशः रोखते, जवळ जाऊन शिंकले तर काय घ्या.

धुताना ब्रश लावू नका. कोमट पाणी, तळाशी टॉवेल अंथरलेलं प्लास्टिकचं टब, स्टीलचं सिंक नको. आणि सई, तुमचा कृष्ण धुऊच नका अजून. खडूसारखं अंग म्हणजे तो काचलेप न दिलेला, बिस्किट म्हणतात तो प्रकार. स्वस्त मालावर कधी कधी रंग भाजून पक्का केलेलाच नसायचा, नुसता वरून लावलेला. पाण्यात पितांबर उतरून यायचा.

मालवलीचा_मुसाफिर
सईताईंच्या कृष्णासाठी खास खाते उघडून लिहितोय. माझा विषय छापील चित्रं, पण धागा तिकडेच जातो.

राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला. यंत्रं जर्मनीची, तंत्रज्ञही जर्मन. पुढे कारखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञानेच तो विकत घेतला. त्या चित्रांनी घराघरातल्या देवांचे चेहरे ठरवले. जर्मन व्यापाऱ्यांच्या ते नजरेत आलं नसतं तरच नवल. २०व्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन कारखान्यांनी खास हिंदुस्थानच्या बाजारासाठी लक्ष्मी, सरस्वती, यशोदा-कृष्ण अशा बिस्किट मूर्ती काढल्या. बऱ्याचशा सरळ रविवर्म्याच्या चित्रांवरून. मी चोरबाजारात पाहिल्यात, तमिळनाडूतल्या चेट्टीनाडच्या वाड्यांतून निघालेल्याही पाहिल्यात. चेहरा नीट बघा: डोळे आपले, पण गाल आणि हनुवटी बऱ्याचदा थुरिंगियाच्या बाहुलीचे असतात. ज्याने घडवली त्याने कृष्ण कुठे पाहिला होता!

काळाचा अंदाज ‘मेड इन जर्मनी’वरून लागतो. ब्रिटनने १८८७ साली व्यापारचिन्हांचा कायदा केला. उद्देश असा की जर्मन माल इंग्रजी म्हणून खपू नये. हिंदुस्थानात तसाच कायदा १८८९ ला आला. अमेरिकेनेही १८९१ पासून मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. तेव्हा त्याआधीचा तुमचा कृष्ण असण्याची शक्यता फार कमी. १९१४ ला महायुद्ध लागलं आणि जर्मन माल येणं थांबलं, मग १९२०च्या दशकात पुन्हा सुरू. चित्र कोणतं त्यावरून आणखी जवळ जाता येईल. समोरून, पाठीमागून आणि बुडाचा, असे तीन फोटो टाकाल का?

एल्बेकाठचा
_/\_ इतकी वर्षं इथे राहून हे मला माहीत नव्हतं.

सांगलीकर_सई
अंगावर काटा आला. फोटो शनिवारी, आईकडे गेल्यावर. भाऊ न्यू जर्सीला असतो, त्याला हा कृष्ण न्यायचाय. नेऊ का देऊ?

मालवलीचा_मुसाफिर
सांभाळून. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू त्यात मोडते की नाही हे विमानतळावर वाद घालून ठरत नाही. आधी पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र मिळतं का ते बघा. भावाला म्हणावं, तोवर फोटोचा मोठा प्रिंट काढून लाव.

नानासाहेब_सदाशिव
फसवणुकीचं बोला जरा. तो भाग नेहमी राहतो.

एल्बेकाठचा
बोलतो. दुसऱ्या वर्षी ऑनलाइन लिलावात माळ्याची मुलगी घेतली, हातात फुलांची टोपली, तलवारी, आकडा, सगळं बरोबर. महिन्याचं जेवण जाईल एवढे पैसे. वर्णनात ‘निर्दोष’. घरी आणली, दिव्याखाली छान दिसली. मग बाजारातल्या एका म्हाताऱ्या विक्रेतीने जांभळ्या उजेडाची छोटी बॅटरी मारली आणि मुलीचा उजवा हात कोपरापासून खाली, शिवाय मान, वेगळ्याच रंगाने उजळली. नवं भरण, वर नवा रंग, वर नवी चमक. म्हातारी म्हणाली, दाताला लाव. अस्सल पोर्सेलीन दाताला टणकन लागतं आणि गार असतं. दुरुस्ती केलेला भाग मऊ, किंचित उबदार, बटणासारखा. ती भर बाजारात दर मूर्ती दाताला लावून बघते. मी अजून घरी आणूनच लावतो, लाज वाटते.

विकणाऱ्याने पैसे परत दिले नाहीत. मुलगी ठेवली. आता दुरुस्ती कशी दिसते हे नवख्यांना दाखवायला उपयोगी पडते.

त्यानंतर मी तलवारींचा नाद जवळपास सोडला. आता माझा जीव प्योसनेक गावच्या कोन्टा उंड ब्योमे कारखान्याच्या मालात. अगदी सामान्य, भडक, इंग्लंडच्या जत्रांत बक्षीस म्हणून द्यायच्या मूर्ती. बुडाला ढालीत खंजीर धरलेला हात, तोही प्रत्येकावर नाही. बैठकीवर इंग्रजीत एक वाक्य लिहिलेलं. सगळ्यात जास्त सापडणारी: नवरा-बायको पलंगाशी, खाली ओळ, ‘पलंगावर शेवटी चढेल त्याने दिवा मालवावा.’ थुरिंगियातल्या छोट्या गावात बसून, ज्यांना बहुधा इंग्रजी येत नव्हतं अशा लोकांनी, इंग्रजांच्या शेजघरातले विनोद पैशा-दोन पैशांत घडवले. केंडलरच्या मूर्ती दरबाराने बघितल्या, या बघितल्या गिरणीतल्या पोरींनी. डोळे एका फटकाऱ्यात काढलेत, एक वर एक खाली. पण बोकडावरच्या शिंप्याचे हे गरीब नातलगच.

म्युनिकची_माई
हे मात्र पटलं. (बुस्टेलीबद्दल माझं मत तेच आहे.)

सांगलीकर_सई
धागा वर काढतेय. फोटो टाकलेत, बघा.

आईला विचारलं तर भलतंच निघालं. बासरी मूळची नाहीच! मूळची कधीच मोडली होती. आताची आजोबांनी केरसुणीच्या काडीची केलीय, सोनेरी रंग देऊन, आणि टपालाच्या लाखेने चिकटवलीय. आम्हा सगळ्या भावंडांना ती जर्मन वाटायची. @कुंभारवाडा, ही काढून नीट पोर्सेलीनची बसवून मिळेल का?

कुंभारवाडा_पुणे
मिळेल. पण मी करणार नाही, दुसरीकडे न्या :) लाख धरून राहिलीय ना? मग हात लावू नका. फक्त उन्हाच्या खिडकीपासून लांब ठेवा, लाख उन्हाने मऊ पडते.

मालवलीचा_मुसाफिर
फोटो पाहिले. पाय दुमडायची पद्धत आणि मोरपिसाची बाजू छापील चित्राशी जुळतेय. माझ्याकडची प्रत शोधून स्कॅन टाकतो. हनुवटी मात्र शंभर टक्के थुरिंगियाची!

नानासाहेब_सदाशिव
काल दुपारी घरातलं शोकेस रिकामं केलं. सौभाग्यवती अजून बोलत नाहीत. एकूण चौदा नग उलटे करून पाहिले. अकरांवर काही नाही, एकावर ‘खुर्जा’ (उत्तर प्रदेशातलं चिनी मातीच्या भांड्यांचं गाव), एकावर चिकटलेली किमतीची चिठ्ठी. चौदावी, बोस्टनच्या आत्याने आणलेली फ्रॉकवाली मेंढपाळीण, जिला आम्ही आयुष्यभर ‘जर्मन बाहुली’ म्हणत आलो, तिच्या तळाला लाल अक्षरांत ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’.

एल्बेकाठचा
नाना!! ती युद्धानंतर अमेरिकेच्या ताब्यात असलेल्या जपानमधली, १९४७ ते १९५२ च्या दरम्यानची. तिथे जर्मन मूर्तींच्या नकला ढिगाने झाल्या. त्या शिक्क्याचेही वेगळे संग्राहक आहेत.

नानासाहेब_सदाशिव
दाताला लावून पाहिली. मान उबदार लागली असं वाटतंय. ती जांभळ्या उजेडाची बॅटरी इकडे कुठे मिळते?

खमंग_काकडी
नाना, वाण्याकडे विचारा. नोटा तपासायला तीच असते.